सर्व्हर मोठाच पाहिजे

तंजावरात चपला बाहेर काढून आत जायच्या जागा पुष्कळ आहेत. आमच्या पेढीची सर्व्हर-रूम त्यांतलीच एक आहे, असं फक्त आमच्या सरांना, म्हणजे कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखांना, वाटत असे. दारावर आंब्याच्या पानांचं तोरण, उंबऱ्यापुढे रोज ताजं कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, आणि आत लोखंडी कपाटाएवढं एक जुनं मशीन. मशीनच्या कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे आणि मध्ये कुंकू. मशीनला कपाळ कुठलं, असं विचारायची सोय नव्हती. सर जिथे विभूती लावतील ते कपाळ.

त्या खोलीत एसी होता. बाकी ऑफिसात पंखे. ऐन उन्हाळ्यात आमचे हात घामानं कागदांना चिकटत, आणि सर आत शाल पांघरून दहीभात खाताना दिसत. "मशीन तापतं," म्हणायचे. कोणी दार उघडं टाकलं की आतून ओरड यायची, "दार! दार! बाधेल त्याला!" जेवण झालं की ते तिथेच खुर्चीत डोळे मिटून बसत. याला ते 'मॉनिटरिंग' म्हणत.

आमची पेढी बी-बियाणं, खतं आणि पंपांची. कावेरीच्या कालव्यांवरच्या गावागावांत आमचे दुकानदार. त्यांनी फोन करायचा, आमच्याकडे सेल्वीअक्का आणि तिच्या हाताखालच्या बायकांनी ऑर्डर उतरवून घ्यायची आणि टर्मिनलवर भरायची. टर्मिनल म्हणजे नुसता काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, आणि पुढे कीबोर्ड. सगळी अक्कल त्या विभूतीवाल्या मशीनमध्ये. पडद्यावर माउस चालत नसे, आणि सरांना त्याचा फार अभिमान होता. नव्या कॉम्प्युटरला जोडलेला माउस त्यांनी जन्मात हातात धरला नाही. "उंदीर गोदामात असतोच," म्हणायचे, "टेबलावर कशाला आणायचा?"

हा प्रोग्रॅम आपण स्वतः लिहिला, असं ते सांगत. मी त्यांच्या हाताखाली प्रोग्रॅमर म्हणून लागल्यावर तो उघडून पाहिला तेव्हा ओळीओळीला मदुरेच्या कोणा भल्या माणसाच्या खुणा सापडल्या. सरांची एकच ओळ होती. आत शिरल्याबरोबर 'स्वागत' म्हणणारी, इंग्रजीतली. तीत स्पेलिंगची चूक होती.

सर आमच्यातले. म्हणजे माझ्यासारखेच तंजावर-मराठी. आमचे पूर्वज कधीकाळी राज्याबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. माझ्या घरातले लोक तेव्हाही कारकुनी करत होते. सरांचे पूर्वज मात्र तोफखान्यावर होते. कधीकधी घोडदळावर. ऐकणारा कोण आहे, त्यावर ते ठरे.

मला हे देवनागरीत लिहिता येतं ते लग्नानंतर काही वर्षं पुण्यात काढली म्हणून. सरांना ती लिपी वाचता येत नसे. मराठी त्यांना बोलण्यापुरती येई, आणि ऑफिसात ती एकाच कामाला वापरत: समोरच्याला कळू नये म्हणून. बाकी सगळ्यांशी तमिळ, मालकांशी इंग्रजी, आणि मालक समोर बसलेले असताना मालकांबद्दल माझ्याशी मराठी. चेहऱ्यावर देवळातला भाव ठेवून ते मला हळूच म्हणत, "ह्या पोराचं डोचकं फिरलं आहे गे." मालकांना वाटे, सर आपल्याला आशीर्वाद देतात.

मालक म्हणजे चिन्नवर, धाकटे. थोरले पेरियवर घरी बसल्यावर पेढी नुकतीच त्यांच्याकडे आली होती. त्यांनी एके दिवशी आम्हाला बोलावून सांगितलं, "दुकानदारांनी फोन कशाला करायचा? आपापल्या मोबाइलवर आपला प्रोग्रॅम उघडावा आणि स्वतः ऑर्डर टाकावी. कालव्याला पाणी सुटायच्या आत हे झालं पाहिजे."

मागणी बरोबर होती. कावेरीचं पाणी सुटलं की सगळ्या मुलखाला एकदम बियाणं हवं असतं. फोन लागत नाही, दुकानदार शिव्या घालतात, आणि ज्याला बी उशिरा मिळालं त्याची पेरणी उशिरा होते. पुढे पाऊस काय करील याची खात्री नसते.

काम अवघडही नव्हतं. जुन्या मशीनला हात लावायचा नाही. त्याच्या आणि मोबाइलच्या मध्ये एक सर्व्हर ठेवायचा. तो दुभाषा. जुनं मशीन हिरव्या अक्षरांत बोलणार, दुभाषा ते साध्या वेब-पानावर दाखवणार. दुकानदार बोट लावणार, दुभाषा ते मशीनला त्याच्या भाषेत सांगणार. असल्या दुभाष्याला फार ताकद लागत नाही. प्रत्येक माणसामागे थोडी मेमरी लागते, बस्स. अडचण दुसरीकडे होती. जुन्या मशीनला एका वेळी ठरावीक माणसांशीच बोलता येई. तेवढे आत असले की पुढच्याला ते दारातच थांबवी.

मी हिशोब विभागातल्या एका पडीक कॉम्प्युटरवर दुभाषा बसवून पाहिला. सगळ्या दुकानदारांचं काम त्यावर आरामात चाललं. मी सरांना बोलावून दाखवलं. त्यांनी त्या कॉम्प्युटरकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मुलीसाठी आणलेलं स्थळ पायी आलंय.

"ह्यावर? पेढीचा कारभार?"

"चालतोय की सर."

"आज चालेल. उद्या सिंगापूरहून कोणी ऑर्डर दिली म्हणजे?"

"खताची?"

"खताची!" ते गरजले. "पाया मोठा पाहिजे. इथलं मोठं देऊळ बांधणाऱ्या राजानं आधी विचारलं होतं का, भाविक किती येणार?"

मग त्यांनी स्वतः मागणी तयार केली. एक सर्व्हर. तो पडला तर दुसरा. दोघांना उभं राहायला रॅक. रॅकला काचेची खोली, रस्त्याच्या बाजूला. खोलीला दोन एसी, एक चालू आणि एक विश्रांतीला. सगळ्याला मिळून वेगळा जनरेटर. त्यावर एखादी बँक निवांत चालली असती.

सर्व्हर विकणारा माणूस चेन्नईहून आला. राजेश नाव, चष्मा, सफाईदार तमिळ. चिन्नवर टेबलाच्या टोकाला, मी आणि सर एका बाजूला, तो समोर. कॉफी आली. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "जुन्या मशीनमध्ये एका वेळी किती जण शिरू शकतात? काही मर्यादा आहे का?"

प्रश्न नेमका होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात सर माझ्याकडे वळले, आणि कॉफीवरचं हसू तसंच ठेवून म्हणाले, "उगी रहा गे. ह्या टोणग्याला मर्यादेचं काही सांगू नको. कळलं तर लहानसं खोकं गळ्यात मारून जाईल."

"काय म्हणताय?" चिन्नवरांनी विचारलं.

"कॉफीत साखर जास्त झाली म्हणालो," सर म्हणाले.

राजेशनं कप खाली ठेवला आणि स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाला, "साखर ठीक आहे, काका. टोणग्याला फक्त मर्यादा सांगा."

दुसरा कोणी असता तर टेबलाखाली गेला असता. सर उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि त्यांनी राजेशला कडकडून मिठी मारली. "आपला माणूस! मघापासून म्हणत होतो, चेहरा ओळखीचा दिसतो!" मग चिन्नवरांना इंग्रजीत सांगितलं, की मराठी माणसाशी व्यवहार म्हणजे घरातलाच व्यवहार. मी त्या गडबडीतच राजेशला मर्यादा सांगितली, आणि पडीक कॉम्प्युटरवर सगळं चालतं हेही सांगितलं, तमिळमध्ये, चिन्नवरांना ऐकू जाईल असं. राजेशनं नीट ऐकून लिहून घेतलं. नंतर सर त्याला घरी जेवायला घेऊन गेले. त्या दुपारी पूर्वज घोडदळावर होते, हे मला राजेशकडूनच कळलं.

जेवून आल्यावर त्यानं जो सर्व्हर सुचवला तो सरांनी मागितला होता त्याहून मोठा.

मी त्याला जिन्यात गाठलं. "तुम्हाला तर सगळं कळलं होतं."

"कळलं ना, ताई," तो म्हणाला. "पण माझं काम सर्व्हर विकायचं आहे. लहान सुचवलेला कोणाला आवडत नाही. आणि काकांनी फार प्रेमानं वाढलं हो."

मी चिन्नवरांकडे गेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, मोठा घेतला तर नुकसान आहे का?"

"नुकसान नाही. उपयोग नाही."

"मग असू दे. काचेची खोली रस्त्यावरून चांगली दिसेल."

काचेच्या खोलीला जागा पाहिजे होती. रस्त्याकडेची खोली सेल्वीअक्काची होती. तिची आणि बाकी बायकांची टेबलं मागे गोदामात गेली, खताच्या गोण्यांच्या ओळीत. आता दुकानदार स्वतःच ऑर्डर टाकणार तर ह्यांना खोली कशाला, असं सरांचं म्हणणं. सेल्वीअक्कानं एका गोणीवरची धूळ झटकली. नाकाला पदर लावून तिनं फोन गोणीवर ठेवला. तिला ठाऊक होतं, की फोन वाजायचा थांबला की पुढचा नंबर आपला.

एक गोष्ट मी सरांकडे पुन्हा पुन्हा मागत होते. दुकानदार ऑर्डर टाकणार, मोबाइल खिशात घालणार आणि जाणार. 'बाहेर पडा' हे बटण कोणीही दाबणार नाही. मग जुन्या मशीनला वाटत राहणार, की तो अजून आतच आहे, आणि त्याची जागा अडून राहणार. म्हणून जो थोडा वेळ काहीच करत नाही, त्याला मशीननं आपणहून बाहेर काढायचं. एक आकडा भरायचा होता.

"हाकलायचं?" सरांचा चेहरा खरंच दुखावला. "गिऱ्हाइकाला? जेवत्या पानावरून माणसाला उठवायचं? आपल्यात असं करत नाहीत."

"तो उठून गेलेला असतो, सर."

"हात धुवायला गेला असेल. परत येईल."

त्यांनी तो आकडा भरू दिला नाही. मशीनच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडे होत्या, पण त्यांच्या परवानगीशिवाय मशीनमध्ये बदल करायचा नाही, असा चिन्नवरांचा लेखी हुकूम होता. तो सरांनीच काढवून घेतला होता.

कालव्याला पाणी सुटलं त्या आठवड्यात उद्घाटन झालं. नादस्वरम वाजलं, नारळ फुटला, दोन्ही सर्व्हरना विभूती लागली. काचेच्या खोलीत निळे दिवे लुकलुकत होते आणि रस्त्यावरून जाणारे मोपेड थांबवून बघत होते. आत सर शालीत उभे, हात मागे बांधून.

सकाळी ऑर्डरी भराभर आल्या. चिन्नवरांनी सगळ्यांना लाडू वाटले. लाडू खाऊन होतात न होतात तोच मशीन भरलं. ज्यांनी ऑर्डर टाकली होती ते निघून गेले होते, पण मशीनच्या मते सगळे आतच होते. नव्यांना जागा नाही. ज्यांना काही विसरलेलं पुन्हा टाकायचं होतं, त्यांना तर स्वतःच्याच नावानं शिरता येईना. नवे सर्व्हर थंडगार होते. त्यांना कामच नव्हतं.

गोदामात फोन वाजायला लागले. सेल्वीअक्का एका कानाला एक आणि दुसऱ्याला दुसरा लावून बोलत होती. सर काचेच्या खोलीतून बाहेर आले आणि त्यांनी निदान जाहीर केलं: "मेमरी कमी पडते आहे. तिसरा सर्व्हर पाहिजे. मी राजेशला फोन करतो." आणि खरंच करू लागले.

दुपारी ओरत्तनाडूची अम्मा येऊन धडकली. आमची जुनी दुकानदार. नवरा गेल्यावर तिनं दुकान एकटीनं वाढवलं होतं, आणि तिचा आवाज कालव्याच्या पल्याड जाई. बसनं आली होती. मोबाइल तिनं सरांच्या नाकापुढे धरला.

"सार, हे काय लिहिलंय वाचा."

सरांनी वाचलं, "या नावाची व्यक्ती आत आहे."

"मी इथे तुमच्यापुढे उभी आहे. मग माझ्या नावानं आत कोण बसलंय?"

कोणीतरी हसलं. सर म्हणाले, "अम्मा, सकाळी तुम्ही आला होतात, ती तुमची जागा आम्ही राखून ठेवली आहे. पाहुण्याला आम्ही पानावरून उठवत नाही."

"उठवू नका. पण जेवून गेलेल्याचं पान तरी उचलाल की नाही? मागची पंगत दारात उभी आहे, आणि तुम्ही उष्ट्या पानांवर पहारा करताय होय? माझ्या दारात शेतकरी बसलेत सार. त्यांना मी काय सांगू?"

चिन्नवर माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मी आठवडाभर हेच मागतेय. एक आकडा भरायचा आहे."

सर काचेच्या खोलीत गेले. पण काचेच्या खोलीत तोंड कुठे लपवणार? रस्त्यावरचे मोपेडवालेही बघत होते. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग दार थोडं उघडून मला म्हणाले, "कर काय करायचं ते. अस्क कर." अस्क म्हणजे सगळं. त्यांच्या आवाजात एवढा थकवा मी आधी ऐकला नव्हता.

आकडा भरायला वेळ लागला नाही. गेलेल्यांची पानं उचलली गेली, दारातले आत आले. अम्मानं माझ्या टेबलाशी बसूनच स्वतःची ऑर्डर टाकली आणि उरलेला लाडू मागून घेतला. ज्यांना मोबाइलवर जमेना, त्यांच्या ऑर्डरी सेल्वीअक्का फोनवर घेत राहिली. असे दुकानदार निम्म्याहून जास्त निघाले. चिन्नवरांनी तिची टेबलं गोदामातून पुढे आणली. जुनी खोली गेलीच होती, म्हणून त्यांना जागा मिळाली काचेच्या खोलीतच, एसीत, निळ्या दिव्यांच्या शेजारी. सर दार लावून घ्यायला सांगत आणि बायका मुद्दाम उघडं टाकत.

यातून सर काही शिकले असं कोणी समजू नये. पेढीच्या वार्षिक समारंभात त्यांना शाल आणि श्रीफळ मिळालं, पेरणी वेळेवर झाली म्हणून. भाषणात त्यांनी आपला 'पान उचलण्याचा सिद्धांत' मांडला. संगणकशास्त्र आणि आपली पंगत, असा विषय. अम्मा पहिल्या रांगेत होती. ती शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "बरं बोलतो नाही? कुठे ऐकलंय असं वाटतं." तिरुवैयारुचा एक भात-गिरणीवाला समारंभाला आला होता. त्यानं त्यांना सल्ल्यासाठी बोलावलं. सरांनी त्याला दोन सर्व्हर घ्यायला लावले.

पुढे काही वर्षांनी सगळं बदललं. पेढीनं नवा प्रोग्रॅम घेतला, तो कुठे दूर भाड्याच्या सर्व्हरवर चालणारा. आमचे दोन्ही सर्व्हर कोणीतरी उचलून नेले. जुनं मशीन बंद करायचं ठरलं, आणि सरांची निवृत्तीही त्याच सुमाराला होती. चिन्नवरांनी दोन्ही एकाच दिवशी ठेवलं: हार दोन, समारंभ एक. मशीन सरांनीच स्वतःच्या हातानं बंद करावं, असं ठरलं.

जुन्या खोलीत आम्ही सगळे दाटीनं उभे होतो. मशीनला हार, सरांना हार. मी आधीच आत शिरून पडदा तयार ठेवला होता. सर कीबोर्डपुढे बसले आणि तमिळमध्ये म्हणाले, "याच हातांनी याला चालवलं. याच हातांनी आज…" बोटं कीबोर्डच्या वर तशीच थांबली. लोकांना वाटलं, गहिवर आला. मलाही वाटलं.

मान न वळवता ते पुटपुटले, "कसं बंद करायचं गे हे?"

मी आधी थट्टा समजले. मग त्यांच्या मानेकडे लक्ष गेलं. एसी चालू होता आणि मान घामानं भिजली होती. सगळी नोकरी त्या मशीनशेजारी काढली, आणि त्याच्याशी बोलायचं कसं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ते सर राहिले नसते.

मी त्यांचा हार सारखा करायच्या निमित्तानं वाकले आणि एकेक अक्षर कानात सांगत गेले. ते एकेक कळ शोधून दाबत आणि दर वेळी मोठ्यानं जाहीर करत, "आता मी सगळ्यांचा निरोप घेतो! आता मी याला शांत करतो!" शेवटी मी म्हटलं, "आता एन्टर." त्यांनी दाबलं. पडदा काळा झाला. मशीनचा घरघराट, जो आम्हाला कधीपासून ऐकू येईनासा झाला होता, तो थांबला तेव्हा ऐकू आला. सेल्वीअक्कानं डोळे पुसले. टाळ्या पडल्या.

"एवढंच?" सर मला म्हणाले.

"एवढंच, सर."

तेवढ्यात मागून चिन्नवर म्हणाले, "सार, फोटोत डोळे मिटलेत तुमचे. परत एकदा करा ना."

"मशीन बंद झालंय," मी म्हटलं.

"फोटोत कुठे कळतंय, मॅडम?"

सरांनी शाल सारखी केली, छाती पुढे काढली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही. मेलेल्या पडद्यापुढे त्यांनी ऐटीत एन्टर दाबलं, पहिल्याच फटक्यात, न चाचपडता, आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.